पाच टक्के, पण कधीचे आणि कुठे मोजलेले?

इन्सुलिनचा एक थेंब म्हणजे किती युनिट, सांगा बघू. लेकीच्या डायबेटिससाठी पंप (नळीतून अंगात इन्सुलिन सोडणारी डबी) घ्यायच्या आधी मला कुणी विचारलं असतं तर मी अर्धा नाहीतर एक असं काहीतरी ठोकून दिलं असतं. हिशोब तसा सोपा आहे, यू-१०० इन्सुलिनच्या १ मिलीत १०० युनिट, आणि साध्या ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे एका थेंबात झाले ५ युनिट! माझ्या लेकीचा रात्रीचा बेसल, म्हणजे सतत थोडंथोडं जाणारं इन्सुलिन, आहे ताशी ०.१५ युनिट. तेवढा एक थेंब तिला द्यायला पंपाला तेहतीस तास लागतात. हे डोक्यात बसल्यापासून त्या डबीकडे बघायची माझी नजरच बदलली.

आता पंपाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, अचूकता अधिक-उणे ५ टक्के. वाचून बरं वाटतं. मीही बरेच दिवस असंच धरून चालले होते की दर तासाला ०.१५ च्या पाच टक्के इकडेतिकडे होत असणार, त्याने काय बिघडतंय. पण तो आकडा तासाचा नसतोच मुळी. पंप तपासायची पद्धत अशी की ट्यूबिंगचं, म्हणजे पंपाच्या नळीचं टोक पाण्याच्या भांड्यात सोडायचं, भांडं अगदी नाजूक तराजूवर ठेवायचं, वरून तेलाचा पातळ थर द्यायचा म्हणजे पाणी उडून जाऊन वजन चुकायला नको, आणि मग कित्येक तास वजन नोंदवत बसायचं. आयईसी ६०६०१-२-२४ नावाचं जे मानक आहे त्यात अशा चाचणीचा एक आलेख काढतात, त्याला ट्रम्पेट कर्व्ह म्हणतात कारण तो दिसतोच तुतारीसारखा. थोड्या मिनिटांचं मोजलं की चूक मोठी, तुतारीचं तोंड रुंद, आणि जसजसा जास्त वेळ धरून सरासरी काढावी तसतसा आलेख निमुळता होत जातो. ते पाच टक्के या निमुळत्या बाजूचे. खोटे नाहीत, पण सरासरीचे आहेत.

असं का होतं? आमच्यासारख्या पंपात एक बारकी मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टन ढकलतो, पिस्टनला रबराची कडी. एका वेळी, म्हणजे एका पल्सला, ०.०५ युनिट जायचं म्हणजे ०.५ मायक्रोलीटर, वजनात अर्धा मिलिग्राम! आता रबर ते रबरच, कधी भिंतीला धरून बसतं, मोटर फिरते पण रबर नुसतं दबतं, आणि पुढच्या एखाद्या वेळी झटका देऊन दोन्हीचं एकदम पुढे जातं. दिवसाची बेरीज बरोबर येते, मधल्या एकेका पल्सचं मात्र काही खरं नाही. ज्यांचा बेसल ताशी १ युनिट आहे त्यांना हे जाणवणारही नाही, कारण तासाला वीस पल्स जातात आणि आपोआप सारखं होतं. माझ्या लेकीला तासाला तीनच मिळतात.

तरी एक सांगते, आमच्या बिघडलेल्या रात्रींपैकी मोटरमुळे बिघडलेली एकही मला आठवत नाही.

एकदा सेट (नळी आणि तिच्या टोकाची कॅन्यूला, म्हणजे कातडीखाली बसणारी बारीक नळी) बदलला आणि कॅन्यूला फिल करायचं, म्हणजे ती इन्सुलिनने भरून घ्यायचं मीच विसरले. आमच्या कॅन्यूलाला ०.३ युनिट लागतात, नुसती ती रिकामी नळी भरायला. ताशी ०.१५ च्या हिशोबाने दोन तास इन्सुलिन कॅन्यूलातच चढत होतं, अंगात शून्य, आणि स्क्रीनवर मात्र बेसल सुरू, सगळं कसं छान. तेव्हा माझी ट्यूब पेटली की स्क्रीनवरचा आकडा म्हणजे मोटर किती फिरली त्याचा आकडा, पोरीच्या अंगात किती गेलं ते पंपाला माहीतच नसतं. सेन्सरला जोडलेले पंप असतात ना, दर पाच मिनिटांनी बेसल कमीजास्त करणारे, ते थोडीफार चूक सांभाळून घेतात हे खरं, पण अॅक्टिव्ह इन्सुलिन (अंगात अजून काम करत असलेलं) म्हणून जे दाखवतात त्यात न पोचलेलंही धरलेलंच असतं.

बुडबुड्याचंही तेच. १० मायक्रोलीटरचा बुडबुडा म्हणजे १ युनिट, म्हणजे आमची साडेसहा तासांची रात्र! फ्रीजमधून काढलेलं गार इन्सुलिन लगेच भरलं की ते कोमट होताना आत विरघळलेली हवा बाहेर पडते आणि भरताना स्वच्छ दिसलेल्या ट्यूबमध्ये संध्याकाळी मणी तयार.

आणि ऑक्लूजन अलार्म, म्हणजे नळी अडकल्याचा इशारा. पहिल्या वर्षी मला वाटायचं की नळी दुमडली की लगेच वाजेल. तो वाजतो दाब वाढल्यावर, आणि दाब वाढायला इन्सुलिन साचावं लागतं. समजा दोन युनिट साचल्यावर वाजणार असेल तर ताशी १ युनिटवाल्याला दोन तासांत कळेल आणि आम्हाला तेरा तासांनी. पंपावर लाँग अॅक्टिंग, म्हणजे बराच वेळ टिकणारं इन्सुलिन नसतं, त्यामुळे तोवर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात वाढणारी घातक आम्लं) कुठल्या कुठे पोचतात. वर आणखी गंमत (कसली गंमत म्हणा) ही की अडकलेली नळी तशीच सरळ केली की साचलेलं सगळं एकदम अंगात जातं, म्हणून आधी साइटपासून (कॅन्यूला टोचलेल्या जागेपासून) पंप सोडवायचा आणि मगच नळीला हात लावायचा.

आता कारण न कळता शुगर २५० च्या वर गेली आणि करेक्शन (शुगर उतरवायला जादा इन्सुलिन) देऊन दोन तासांत हलली नाही, की मी अलार्मची वाट बघत नाही. कीटोन बघते, पेनने इंजेक्शन देते आणि सेट बदलते, ही आमच्या डॉक्टरांनी आमच्यापुरती ठरवून दिलेली पद्धत. रात्री झोपायच्या तोंडावर सेट बदलणं तर बंदच केलंय. काढलेली कॅन्यूला उजेडात धरून बघायचं काम लेकीकडे आहे, दुमडलेली निघाली की ती मला ओरडून सांगते, जरा जास्तच आनंदाने.