कमान, सुळका आणि एक खेकडा

आज समुद्रकिनारी मनसोक्त भटकलो, पाय अजून ठणकताहेत. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे विसरून कालच्याच वेळेला पोचलो, त्यामुळे आधी नुसतंच पाण्याकडे बघत बसलो. मग कड्याखाली उतरलो. लाटा खडकाच्या भेगा पोखरून गुहा करतात, ती आरपार गेली की कमान होते, आणि कमानीचं छत कोसळलं की उरतो एकटा सुळका. तिन्ही एकाच किनाऱ्यावर!

पण खरं सांगू? सगळ्यात जास्त वेळ गेला तो खडकातल्या एका डबक्यापाशी. नखाएवढा खेकडा, माझी सावली पडली की कपारीत गडप. अर्धा तास उकिडवा बसलो. फोटो मात्र एकही धड आलेला नाही.