रोहित आले, अपडेट नाही

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या खाडीकाठी नोव्हेंबर-डिसेंबरात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरायला लागले की बांधावर ट्रायपॉडची रांग लागते. या रांगेला दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात. पहिलं समुद्राचं, आणि ते अगदी सरळ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. घड्याळाशी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या या हिशोबावर होड्या निघाल्या. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, पक्ष्यांची पंगत उठते आणि थवे डीपीएस तलावाकडे नाहीतर एनआरआय वसाहतीमागच्या पाणथळीकडे वळतात. दुसरं वेळापत्रक फोटोच्या सॉफ्टवेअरचं. त्याला तिथीच नसते, मग पाऊणपट कशाची करणार?

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नवाकोरा कॅमेरा येतो. पहिल्याच चांगल्या भरतीला सहाशे फ्रेम होतात. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावावं, तर सॉफ्टवेअर म्हणतं, ही फाइल मला ओळखता येत नाही. पडद्यावर नुसत्या राखाडी चौकटी. कार्ड, केबल, कॅमेरा सगळं ठणठणीत असतं. कॅमेरा बाजारात आला, पण सॉफ्टवेअरला त्याची ओळख अजून कुणी करून दिलेली नाही, एवढंच. नव्या भाडेकरूचं सामान गेटवर आलं आणि वॉचमनला सोसायटीने कळवलंच नाही, तसला प्रकार.

मग तक्रार सुरू होते: एक नाव यादीत घालायला महिने कसले लागतात? नाव घालायला नाहीच लागत. रॉ फाइल हा फोटो नसतोच मुळी, तो आकड्यांचा गठ्ठा असतो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. दर चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. चौदा बिटच्या फाइलीत प्रत्येक ठिपका ० ते १६,३८३ यांमधला एक आकडा सांगतो आणि गप्प बसतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून काढायचे. शिवाय पूर्ण अंधारातही सेन्सर शून्य देत नाही. कुठे ५१२, कुठे १००८ असा त्याचा काळ्याचा तळ असतो आणि तो आधी वजा करावा लागतो. हा तळ नक्की किती, हे त्या मॉडेलपुरतं तपासल्याशिवाय पुढचा सगळा हिशोब फोल.

त्यानंतर रंग. सेन्सरचा लाल आणि आपल्या डोळ्यांचा लाल एक नव्हे. म्हणून चोवीस चौकोनांच्या रंगफलकाचे फोटो दोन उजेडांत काढतात, एकदा २८५६ केल्व्हिनच्या पिवळट दिव्याखाली आणि एकदा ६५०० केल्व्हिनच्या दिवसाच्या उजेडात. त्यावरून त्या कॅमेऱ्याचं कोष्टक बनतं. सकाळचं ऊन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतं, तेव्हा सॉफ्टवेअर दोन कोष्टकांमधला सोयीचा बिंदू धरतं. लेन्सचं काम आणखी वेगळं: झूमच्या प्रत्येक टप्प्यावर कडा किती वाकतात, कोपरे किती काळवंडतात, हे मोजायचं. हा उशीर खरा आहे. भात शिजायला वेळ लागतो, त्यातलाच.

धीर सुटलेले लोक मग चोरवाट धरतात. फाइलीच्या माहितीत कॅमेऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ते एका छोट्या फुकट प्रोग्रामने बदलून तिथे थोरल्या भावंडाचं, म्हणजे मागच्या मॉडेलचं नाव घालायचं. फाइलीची रचना तीच असेल तर सॉफ्टवेअर फसतं आणि फोटो उघडतो. आनंद साधारण दहा मिनिटं टिकतो. खऱ्या काळ्या तळापेक्षा कमी आकडा वजा झाला तर सावल्यांत धूसरपणा राहतो आणि त्याला जांभळट झाक येते, कारण व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या दुरुस्तीत, लाल आणि निळा हिरव्यापेक्षा जास्त पटींनी वाढवतात, त्यामुळे उरलेला गाळही त्याच पटीत वाढतो. जास्त वजा झाला तर उलट, सावल्या हिरव्या. आणि रोहितांचा गुलाबी? तो नारिंगीच्या आणि किरमिजीच्या सीमेवरचा रंग आहे. कोष्टक जरा हललं की पक्षी सीमा ओलांडतो. खाण्यातल्या शेवाळातून आलेला तो रंग पंखागणिक वेगळा असतो आणि पिल्लं तर चक्क राखाडी. उसन्या कोष्टकात सगळा थवा एकाच गाजराच्या हलव्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो.

त्यापेक्षा सरळ वाट आहे, थोडी कंटाळवाणी. नवा कॅमेरा घेतल्यापासून अपडेट येईपर्यंत रॉ आणि जेपीजी दोन्ही एकत्र नोंदवायचं. जेपीजी कॅमेऱ्याच्या आतच शिजून येतं, त्यामुळे निवड त्यावर करता येते. निवडलेल्या फ्रेम कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज ही मंडळी घरच्या कॅमेऱ्याला घराबाहेर उभं करत नाहीत. तिथून सोळा बिटची टिफ फाइल काढून नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली की रंग बिनचूक मिळतो. किंमत जागेत मोजायची: २४ मेगापिक्सेलची एक टिफ १४४ एमबी होते. सहाशेच्या सहाशे बदलल्या तर ८६ जीबी. म्हणून आधी निवड, मग बदल. हा क्रम उलटला की डिस्क भरते आणि शिव्या पुन्हा सॉफ्टवेअरला. फोटो काढतानाची एक गोष्ट इथेच सांगून टाकावी: गुलाबी पिसांत लाल चॅनेल सगळ्यांत आधी फुटतं, म्हणजे कमाल आकड्याला टेकतं आणि तपशील जातो. पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा एकत्रित आलेख, शहाण्यासारखा दिसत असतो, त्याच्यावर भरवसा न ठेवता लालचा वेगळा बघायचा.

इथे एक गैरसमज फार चालतो. ॲडोबीचं फुकट डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल डीएनजी या सामायिक साच्यात बदलणारा प्रोग्राम) वापरलं की कुठलाही नवा कॅमेरा उघडतो, असं सांगणारे भेटतात. ते अर्धंच खरं आहे. कन्व्हर्टरलाही त्या कॅमेऱ्याची ओळख लागतेच, आणि ती ॲडोबीच्या बाकी सॉफ्टवेअरसोबतच मिळते. त्याचा खरा उपयोग दुसऱ्याच लोकांना. लाइटरूम ६ हे ॲडोबीचं फोटोंचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून घेतलेल्यांचं शेवटचं अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७चं. त्यानंतरचा कॅमेरा त्यांना कधीच दिसणार नाही. पण फाइल डीएनजी करून दिली की जुनं सॉफ्टवेअर ती निमूट उघडतं. त्यांची वाट संपलेली आहे, म्हणून ते सगळ्यांत शांत असतात.

वाट पाहण्याचेही प्रकार आहेत, आणि सगळ्यांना एकाच मापाने धीर लागत नाही. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. तेवढ्या वर्षांत खारघर-तळोज्याचे लोक घरी बसले नव्हते. रिक्षा होत्या, एनएमएमटीची बस होती. गिंप या फोटो सुधारायच्या फुकट प्रोग्रामचं तसंच. २.१० आवृत्ती एप्रिल २०१८ची, ३.० आली १६ मार्च २०२५ला. मधली सात वर्षं २.१० चालतच होतं, त्यामुळे कुणाचं काम अडलं नाही. त्यात एक गंमत दडली आहे. बटणं-खिडक्या रंगवणारं जीटीके हे गिंपसाठीच जन्माला आलं, मग ते इतकं मोठं झालं की लिनक्सवरचं अर्धं जग त्यावर उभं राहिलं. त्याची तिसरी आवृत्ती आली २०११ साली, चौथी २०२० साली. आणि खुद्द गिंप तिसऱ्यावर पोचलं २०२५ साली. लेकाने गावभर बंगले बांधले, आईबाप चाळीतच.

ॲपर्चर या ॲपलच्या फोटो-सॉफ्टवेअरवाल्यांचा धीर मात्र वाया गेला. तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१०ची. चौथी येणार म्हणून लोकांनी हजारो फोटो, अल्बम, शेरे त्यातच रचत ठेवले. जून २०१४मध्ये ॲपलने सांगितलं की पुढे काही येणार नाही. एकदा स्पष्ट ‘नाही’ म्हटल्यावर माणूस गठुडं बांधून निघतो. त्याला चार वर्षं ओट्यावर बसवून ठेवलं, हे खुपतं. दुकानाच्या शटरवर ‘लवकरच सुरू होत आहे’ अशी पाटी असते ना, त्यातल्या ‘लवकरच’ला कुठल्याच कॅलेंडरात जागा नाही.

घाईचाही नमुना आहे. ऑक्टोबर २०१५मध्ये लाइटरूम ६.२ आलं. फोटो आत घेण्याचा पडदा नवशिक्यांसाठी सोपा केला, त्यात जुन्या लोकांच्या सवयीच्या सोयी गायब झाल्या आणि प्रोग्राम धडाधड बंद पडू लागला. कंपनीने जाहीर माफी मागितली आणि पुढच्या महिन्यात ६.३मध्ये जुना पडदा परत आणला. आणखी महिनाभर थांबून दिलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

पूर्वी खोक्यातलं सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की उशिराचा तोटा कंपनीला होता. नवीन आवृत्ती नाही तर नवीन पैसे नाहीत. २०१३पासून ॲडोबीने फोटोशॉपची नवी आवृत्ती फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता वाट बघण्याचेही पैसे दरमहा जातात, आणि चिडचिड वाढली आहे ती त्यामुळे.

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा वाशीत लग्नाचे अल्बम करणाऱ्यांकडे बघितलं तर चित्र उलटंच दिसतं. त्यांना अपडेट नकोच असतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि सराईत मशीनला हात लावायचा नाही, हा नियम. बारा बाय छत्तीस इंची शीट तीनशे डीपीआयला ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होते. पूर्ण भरलेला एक लेयर ११७ एमबीच्या घरात. अशी चाळीस पानं अर्धवट असताना नव्या आवृत्तीने एखादं प्लगइन गिळलं, तर वरबापाला काय सांगणार? म्हणून आपोआप होणारं अपडेट बंद. नवीन घ्यायचंच तर ज्येष्ठ-आषाढातले मुहूर्त उरकल्यावर, चातुर्मासात. घेताना ‘जुनी आवृत्ती काढून टाका’ या चौकटीतली खूण आठवणीने पुसायची, म्हणजे दोन्ही शेजारी नांदतात. लाइटरूम असेल तर कॅटलॉगची, म्हणजे फोटोंच्या नोंदवहीची, प्रत दुसऱ्या डिस्कवर. मोठी आवृत्ती बदलताना ते कॅटलॉगची नवी प्रत बनवतं आणि जुन्या आवृत्तीला ती उघडता येत नाही. नव्यात तीन दिवस काम करून मागे फिरलात तर ते तीन दिवस पलीकडेच राहतात. सेटिंग फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत साठवलेलं असेल तर काही वाचतं. कलेक्शन (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी, नुसती नोंदीतली प्रत) वाचत नाहीत.

याच दुकानांत फोटोशॉप ७ अजून चालू दिसतं, २००२चं. त्याला हसणाऱ्यांनी आधी वेलांटीचं दुखणं समजून घ्यावं. जुन्या फोटोशॉपात युनिकोड मराठी टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ‘चि.’ आणि ‘शुभविवाह’ इथूनच बोंब. ‘लक्ष्मी’तला क्ष फुटतो आणि पाय मोडलेले हलन्त उघडे पडतात. म्हणून श्रीलिपीसारख्या ठशांवर गाडी चालली, ज्यांत वेलांटी हा नुसता एक आकार असतो आणि तुम्ही ठेवाल तिथे बसतो. त्याचा भुर्दंड असा की व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पुन्हा टाइप करा नाहीतर कन्व्हर्टरमधून काढा. १९९० साली आलेल्या फोटोशॉपला लेयर चार वर्षांत मिळाले. वेलांटी जागेवर यायला वीसहून जास्त वर्षं गेली, आणि त्यासाठी कुणी समारंभ केल्याचं ऐकिवात नाही. आता ती सोय आहे, पण बरीच खाली ठेवलेली. मधल्या काळातल्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेस, टाइप, तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायचं, आणि नवीन फाइल उघडायची, कारण उघडलेल्या फाइलीला ते लागू होत नाही. मग पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट. हल्लीच्या आवृत्त्यांत ही दुसरी पायरी तेवढी उरली आहे. फॉन्ट युनिकोडचा हवा. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ घेतला तरी चालतो.

रोहितांच्या त्या फाइलींचं बरं असतं. रॉ शिळी होत नाही. अपडेट फेब्रुवारीत येवो की एप्रिलमध्ये, नोव्हेंबरचे आकडे जसेच्या तसे पडून असतात. ते आल्यावर निवडक पाच-सहा फ्रेम पुन्हा उघडायच्या, टिफच्या शेजारी ठेवून गुलाबी जुळतो का ते बघायचं, जुळला की टिफ उडवून जागा मोकळी करायची. रॉ मात्र त्याआधी उडवलेल्या नसाव्यात. दिसत नाहीत म्हणून त्या कचऱ्यात टाकणारेही आहेत.

तोवर कॅमेरा रॉ अधिक जेपीजीवर, बॅटरी चार्जिंगला, कार्ड रिकामं. आज दशमी. उद्या भरती सव्वाआठच्या सुमारास. पाणी चढायच्या तासभर आधी पोचलं तर बांधावर पुढची जागा मिळते.