दोन कार्डं कमी

शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता मी स्क्रीनशॉट मोजत बसलो होतो. सोळा खेळाडू, प्रत्येकाचे चार डेक, प्रत्येक डेकमध्ये तीस कार्डं. डेकची यादी एका ओळीत पाठवायच्या डेक कोडची सोय तेव्हा आलेली नव्हती. हार्थस्टोन या ऑनलाइन कार्डांच्या खेळात आपला डेक उघडायचा, फोटो काढायचा, यादी लांबली तर खाली सरकवून दुसरा काढायचा आणि मला पाठवायचा. निम्म्या पोरांनी मोबाइलने मॉनिटरचेच फोटो काढले होते, त्यात ट्यूबलाइट चमकत होती. एकाची रोग डेकची यादी मी तीनदा मोजली. (रोग, इंग्रजीतला Rogue, हे क्लासचं म्हणजे खेळातल्या पात्राचं नाव. मी फोनवर "त्याचा रोग चांगला आहे" म्हणालो की आई स्वयंपाकघरातून डोकावायची.) तिन्ही वेळा अठ्ठावीसच भरली.

हे २०१७ च्या एप्रिलमधलं. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी टूर्नामेंट ॲडमिन होतो. म्हणजे खुर्च्या लावण्यापासून निकाल लिहिण्यापर्यंत सगळं. दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये स्पर्धा होती, आणि तारीख ठरवताना आम्ही माती खाल्ली होती. त्याच गुरुवार-शुक्रवारी, ६-७ एप्रिलला, 'जर्नी टू अनगोरो' हा नवा संच आला आणि त्याबरोबर रोटेशन झालं.

स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये बेसिक आणि क्लासिक हे कायमचे संच सोडले तर चालू आणि मागच्या वर्षाचेच संच चालायचे. नवं वर्ष लागलं की त्याआधीचे गळतात, ते रोटेशन. त्या वर्षी ब्लॅकरॉक माउंटन, ग्रँड टूर्नामेंट आणि लीग ऑफ एक्सप्लोरर्स गेले. रेनो जॅक्सन गेला, आणि प्रत्येक कार्डाची एकच प्रत ठेवून त्याच्या जिवावर उभे केलेले डेक एका रात्रीत आडवे झाले. शिवाय खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने क्लासिकमधली सहा कार्डं उचलून 'हॉल ऑफ फेम'मध्ये टाकली, म्हणजे स्टँडर्डमधून बाद केली: रॅग्नारॉस, सिल्व्हानस, अझ्युअर ड्रेक, पॉवर ओव्हरव्हेल्मिंग, आइस लान्स आणि कन्सील. वर्षानुवर्षं त्याच त्या डेकांत तीच ती कार्डं दिसत होती, म्हणून. बदल्यात ज्याच्याकडे ती असतील त्याला त्यांची पूर्ण किंमत डस्टमध्ये, म्हणजे कार्डं बनवायच्या खेळातल्या चलनात, मिळणार होती आणि कार्डंही त्याच्याकडेच राहणार होती. सगळे जुने संच चालतात त्या वाइल्ड फॉरमॅटमध्ये ती खुशाल खेळा. इतका चांगला सौदा या खेळात क्वचितच मिळतो.

मी त्या पोराला फोन लावला. लातूरकडचा, सेकंड इयरचा, होस्टेलवर राहणारा.

"अरे, तुझ्या रोगमध्ये अठ्ठावीसच कार्डं आहेत. दुसरा फोटो राहिला का?"

"नाही दादा, तेवढीच आहेत. मिमिक पॉड दोन पाहिजे होते, पण डस्ट संपलं."

"संपलं कसं? रॅग्नारॉस-सिल्व्हानसचं आलं असेल की."

"ती तर बुधवारीच काढून टाकली. तुम्हीच सांगितलं होतं ना ग्रुपवर."

मी फोन कानाला ठेवूनच लॅपटॉपवर ग्रुप उघडला. सोमवारचा माझाच मेसेज होता: "हॉल ऑफ फेमची सहा कार्डं स्पर्धेत चालणार नाहीत. बुधवारपर्यंत काढून टाका."

मला म्हणायचं होतं, डेकमधून. पंधरा जणांनी तोच अर्थ घेतला. यानं कलेक्शन उघडलं आणि एकेक कार्ड फोडून त्याचं डस्ट केलं.

कटिंगवाल्याच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, कार्ड फोडलं की ४०० डस्ट मिळतं, बनवायला १,६०० लागतं. रेअर २० आणि १००, कॉमन ५ आणि ४०. त्याच्याकडे रॅग्नारॉस एक, सिल्व्हानस एक, ड्रेक दोन आणि पॉवर ओव्हरव्हेल्मिंग दोन होती. बुधवारी फोडून त्याला मिळालं ८५०. दोन दिवस हात बांधून बसला असता तर ३,४८० मिळालं असतं आणि सहाही कार्डं जागेवर राहिली असती. फरक २,६३०. शंभर गोल्डच्या पाकिटात वाईटात वाईट नशिबाला ४० डस्ट निघायचं आणि रोजच्या छोट्या कामगिरीचे तेव्हा चाळीस-पन्नास गोल्ड मिळायचे. पैसे न घालता खेळणाऱ्या मुलासाठी हे किती दिवसांचं काम आहे, याचा हिशेब मी केला नाही. बिलावर जागाही नव्हती.

हे त्याला न सांगताही चाललं असतं. दोन-तीन वेळा तसं मनातही आलं. शेवटी सांगितलं, चूक माझ्या वाक्याची आहे हेही सांगितलं.

पलीकडे बराच वेळ फक्त होस्टेलचा पंखा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "म्हणजे ती कार्डं माझ्याकडेच राहिली असती?"

डस्ट गेल्याचं त्याला एवढं नव्हतं. रॅग्नारॉस त्याला पाकिटातून निघाला होता. त्याचा पहिला लेजंडरी.

ब्लिझार्डला लिहून बघ म्हटलं, "बघतो" म्हणाला. माझ्या अकाउंटवरून खेळ म्हणायचा मोह झाला होता, पण तो नियम मीच लिहिला होता. ८५० मधून त्याने प्रेपरेशनच्या दोन प्रती बनवल्या होत्या, ४०० ला एक. रिकाम्या दोन जागांत त्याने बॅकस्टॅब घातले, ते बेसिक, फुकटचे. बॅकस्टॅब म्हणजे पाठीत खंजीर. त्याने ते टोमणा म्हणून निवडले नसावेत.

शनिवारी कॉन्क्वेस्ट होता. चार क्लासचे चार डेक आणायचे, समोरच्याने एक बॅन करायचा, उरलेल्या तिन्हींनी एकेकदा जिंकायचं. नव्या संचाला जेमतेम दोन दिवस झालेले, त्यामुळे मेटा, म्हणजे कोणते डेक चालतात याचं गणित, म्हणावं असं काही ठरलेलंच नव्हतं. जो तो पायरेट वॉरियर या झटपट मारणाऱ्या डेकला घाबरून डेकमध्ये गोलाका क्रॉलर भरून आला होता, दोन मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) खेकडा, समोरचा एक पायरेट गिळतो. रोगच्या क्वेस्टला, म्हणजे अट पुरी केली की बक्षीस देणाऱ्या कार्डाला, मात्र कुणी भीक घालत नव्हतं. एकाच नावाचे चार मिनियन (पटावर उतरवायचे लढवय्ये) खेळा म्हणे! मीसुद्धा ते कार्ड भंगारात जमा धरलं होतं. या पोराला ते साठवलेल्या गोल्डच्या पाकिटात निघालं, म्हणून त्याने तोच डेक बांधला. दुसरं बांधायला हाताशी काही नव्हतं.

पहिल्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याने त्याचा हंटर बॅन केला, रोगकडे बघितलंही नाही. मी मागे उभा होतो. समोर टॉन्ट वॉरियर, संथ, भिंतीवर भिंत रचणारा. आमच्या बाजूने एक रानडुक्कर आलं, एक मानाचं, १/१, म्हणजे एकचा फटका आणि एकचा जीव. शॅडोस्टेपने ते हातात परत. पुन्हा डुक्कर. ब्रूमास्टरने पुन्हा परत. समोरचा मित्राकडे बघून हसला आणि "काय डुकरं वळतोय हा" म्हणाला. चौथं डुक्कर पडलं, क्वेस्ट पुरी झाली आणि पुढच्या चालीला पाच मानाचा क्रिस्टल कोर आला: यापुढे तुमचा प्रत्येक मिनियन ५/५. तेच एक मानाचं डुक्कर आता पाचचा फटका घेऊन आल्या आल्या धडक मारत होतं. समोरच्याने कार्डावर माउस नेऊन मजकूर वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. पोरगं मागे वळून माझ्याकडे बघायचं टाळत होतं, पण कान लाल झाले होते.

तो सामना ३-१ ने जिंकला. पुढच्या फेरीत पायरेट वॉरियरने त्याला चौथ्या-पाचव्या चालीतच बुडवलं. रोगची क्वेस्ट तोवर निम्म्यावर होती आणि मिमिक पॉड असते तरी काही फरक पडला नसता असं मला वाटतं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

रात्री उशिरा घरी आलो. गडबडीत तीन दिवस मी स्वतःचं अकाउंट उघडलंच नव्हतं. लॉगिन केलं, तर समोर निळं डस्ट: माझ्या रॅग्नारॉस आणि सिल्व्हानसचे ३,२००. कलेक्शनमध्ये दोघंही जागच्या जागी. मी ते डस्ट बरेच दिवस वापरलं नाही. त्याने त्या पोराचा काही फायदा होणार नव्हता, हे कळत होतं.

तोवर रोगच्या त्या क्वेस्टने लॅडरवर, म्हणजे रँकिंगच्या सामन्यांत, संथ डेकांना जगणं मुश्कील केलं होतं. जुलैत तिला नर्फ बसला, म्हणजे कार्ड कमजोर केलं गेलं: चारऐवजी पाच मिनियन. आणि नर्फ झालेलं कार्ड ठरावीक दिवसांत फोडलं तर पूर्ण किंमत मिळते, म्हणजे १,६००.

त्या दिवशी त्याचा मेसेज आला: "दादा, रोगची क्वेस्ट काढून टाकू का?"

मी लिहिलं, "कशातून?"