फाशी द्या म्हणताना दोर कुणाच्या हातात देतोय आपण?

आधीच सांगून टाकते, मी फाशीच्या विरोधात आहे, आणि कोल्हापुरात राहून हे बोलणं अवघड आहे. इथं कुठल्याही कट्ट्यावर विषय काढा, दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारणारच, मग त्या गावित बहिणींचं काय? प्रश्न बरोबरच आहे. सोपी केस घेऊन दयेच्या गप्पा मारण्यात काही अर्थ नाही, सगळ्यात वाईट केस समोर ठेवून बोलता आलं पाहिजे, आणि ती केस आमच्याच गावात चालली.

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, १९९० ते १९९६ या काळात यांनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे अशा ठिकाणची लहान लहान मुलं पळवली, बहुतेक गरिबाघरची. गर्दीत पाकीट मारायचं, गळ्यातलं ओढायचं आणि कुणी पकडलंच तर कडेवरचं मूल पुढं करायचं, लेकुरवाळ्या बाईवर कोण हात टाकणार? आणि मूल अडचण व्हायला लागलं की मारून टाकायचं. १३ मुलं पळवल्याचा आणि ९ जणांना मारल्याचा आरोप होता. सगळे खून कोर्टात सिद्ध झाले नाहीत पण जे झाले त्याबद्दल वाचतानासुद्धा पोटात कालवतं, मी एका बैठकीत कधीच पूर्ण वाचू शकले नाही.

आई खटल्याआधीच कोठडीत असताना मेली. दोघी बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सेशन कोर्टानं फाशी सुनावली, २००४ ला हायकोर्टानं आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. मग दयेचा अर्ज या टेबलावरनं त्या टेबलावर. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी तो फेटाळला, आणि शेवटी १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण काय, तर दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारनं ७ वर्षं, १० महिने आणि १५ दिवस लावले. कोर्टानं गुन्हा कुठंही सौम्य म्हटला नाही, बहिणींनी आम्हाला सोडून द्या अशी मागणी केली होती ती पण मान्य केली नाही. फाईल पडून राहिली म्हणून फाशी टळली, एवढंच.

त्या दिवशी आमची आत्या टीव्हीसमोर बसून म्हणाली, "ह्यांस्नी अजून जित्तं ठेवलंय व्हय गं?" तिचा राग मला कळतो, माझ्यात पण तोच राग आहे. पण मला सारखा विचार येतो तो त्या मुलांच्या आयांचा. १९९६ ला अटक, २०२२ ला हा निकाल, म्हणजे २५ वर्षं त्या बायकांना आपण सांगत राहिलो की खरा न्याय अजून व्हायचाय, थांबा. २००१ मध्येच मरेपर्यंत जन्मठेप झाली असती तर दर दोन-चार वर्षांनी ते सगळं पेपरमध्ये वर आलं नसतं, आणि बहिणी तुरुंगातच असत्या, आजच्यासारख्याच.

आता दुसरी बाजू, जी आपल्याकडं फारशी कुणी बोलत नाही. नाशिक जिल्ह्यातली २००३ ची केस, एका कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार, ऐकवत नाही असं सगळं. पकडली ती भटक्या समाजातली सहा गरीब माणसं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून त्यांनाही फाशी दिली. आणि २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातनं वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांकडच्या फोटोंमधनं भलतेच चार लोक ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! सहातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं आत काढली, भरपाई प्रत्येकी ५ लाख. २००९ नंतर सगळं "फास्ट" झालं असतं, आपण सगळे मागतो तसं, तर २०१९ ला सोडायला कोण उरलं असतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या कारभारात सातबाऱ्यावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला माणूस वर्षभर हेलपाटे घालतो, त्याच कारभाराच्या हातात आपण हा दोर देतोय. आणि सापडतं कोण? दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीनं २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास केला, त्यात जवळपास तीन चतुर्थांश लोक आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. फाशी फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ केस"मध्येच द्यायची हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये सांगितलं, पण दुर्मिळ काय ते ठरवेपर्यंत चांगला वकील कुणाकडं होता यावर खूप काही ठरून गेलेलं असतं.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूनं मत मांडलं होतं. बाबासाहेब १९२० मध्ये ज्या माणगाव परिषदेला आले होते तिचा जिल्हा म्हणून आपण अभिमानानं मिरवतो ना, मग हे पण आपल्या पोरांना सांगायला पाहिजे.

२०१६ ला कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर इथं जो मोर्चा निघाला त्यात मी पण चालले होते, फाशी द्या लिहिलेले फलक सगळीकडं होते, आणि त्या मोर्चात गेल्याचा मला आजही अभिमान आहे. मुलीच्या बाजूनं लाखो माणसं उभी राहिली, ते हवंच होतं. आत्या विचारते, तुझ्या लेकराला कुणी असं केलं असतं तर? तर मी नक्की म्हटलं असतं की मारा त्याला. म्हणूनच तो निर्णय माझ्या हातात नको, आणि गर्दीच्या तर नकोच नको.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथंच सुनावणी घेणारं न्यायपीठ, सुरू झालंय. सेशन कोर्टानं दिलेली फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय देता येत नाही, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या अशा फायली आता इथं उघडणार. माझ्या वकील मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगते, अशा केसमध्ये सरकारी मदतीवर असलेला आरोपी आला तर नाही म्हणू नका. फी नगण्य मिळेल, लोक तोंडावर शिव्या घालतील, घरचे पण चिडतील. तरी घ्या, आणि पहिल्या पानापासून तपासाची कागदपत्रं वाचा.