दहा-पंधरा किलोमीटरचा रेडिओ

दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहानशा कम्युनिटी रेडिओ केंद्रावर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या, नफ्यासाठी नसलेल्या रेडिओवर, मी दोन वर्षे शनिवार-रविवारी विनामोबदला काम केले. पुढे काही तक्रारीही मांडणार असल्यामुळे केंद्राचे नाव लिहीत नाही. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. गावातलीच एक मुलगी टँकरच्या पाळ्यांची माहिती वाचत होती. ती ‘पानी’ म्हणाली की मी ध्वनिमुद्रण थांबवून ‘पाणी’ म्हणायला लावत असे. आकाशवाणी ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला निवेदन म्हणजे प्रमाण मराठी, एवढेच ठाऊक होते. आठवडाभरात एका आजोबांचा फोन आला. ते म्हणाले, “त्या पोरीला तिच्यासारकं बोलू द्या की. शुद्ध ऐकायचं असलं तर सांगली केंद्र हाय आमाला.” त्या फोननंतर मी ‘पानी’ सुधारणे बंद केले, आणि हा रेडिओ नेमका कशासाठी असतो याचा विचार खऱ्या अर्थाने सुरू केला.

आकाशवाणी आणि खाजगी एफएम यांच्याशी तुलना केली तर कम्युनिटी रेडिओ सर्वच बाबतींत तोकडा ठरतो. शंभर वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती, तीस मीटरपेक्षा उंच नसलेला मनोरा आणि सपाटीवर दहा ते पंधरा किलोमीटरचा आवाका. मध्ये डोंगर आला तर त्याहूनही कमी. परंतु त्याचा उपयोगही याच तोकडेपणातून येतो, असे माझे मत आहे. संपूर्ण जिल्ह्यासाठी बोलणारा निवेदक फार तर ‘काही भागांत पाणीपुरवठा खंडित राहील’ एवढेच सांगू शकतो. आमची निवेदिका मात्र कोणत्या वस्तीवर टँकर दुपारनंतर येईल, तो देवळापाशी थांबेल की शाळेपाशी, आणि पशुवैद्यक उद्या कोणत्या गावात लसीकरण करणार आहेत, हे सांगत असे. ज्यांच्यासाठी ती सांगत होती ते सर्व जण ती जागा ओळखत होते. चाळीस किलोमीटरवरच्या माणसाला ही माहिती कंटाळवाणी वाटली असती, पण त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती.

हे काम पूर्वी दवंडीने होत असे, असे कोणी म्हणेल, आणि ते अर्धेच खरे आहे. दवंडी चावडीकडून गावाकडे जात असे. हलगी वाजवणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. केंद्र सरकारच्या धोरणानुसार कम्युनिटी रेडिओच्या कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागातून, त्याच परिसरात तयार व्हावे लागतात. कागदावर ही एक अट आहे, पण मायक्रोफोन घेऊन वस्तीवर गेल्यावर तिचा अर्थ कळतो. पहिल्या भेटीत बायका गप्प बसतात, दुसऱ्या भेटीत ओव्या म्हणतात आणि तिसऱ्या भेटीत रेशनच्या दुकानाबद्दल बोलू लागतात.

रेशनचा विषय जरा विस्ताराने सांगायला हवा, कारण स्थानिक प्रश्नासाठी हे माध्यम कसे वापरता येते आणि कुठे अडते, हे मला त्यातून समजले. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. त्यामुळे ‘अमुक दुकानदार धान्य कमी देतो’ असे सांगितले तर ती बातमी ठरण्याचा धोका होता, शिवाय आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी अंगावर आली असती. आम्ही नाव कोणाचेच घेतले नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे, प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कार्डधारक कुटुंबाला एकंदर पस्तीस किलो धान्य मिळाले पाहिजे, पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, एवढेच आम्ही पंधरा दिवस रोज दोन वेळा सांगत राहिलो. नंतर बायका दुकानात पावती मागू लागल्या. दुकानदार केंद्रावर येऊन भांडून गेला, पण आम्ही कायदाच वाचून दाखवत होतो, त्यामुळे नेमके कशासाठी भांडावे हे त्याला सुचेना.

तरीही बातम्यांवरची बंदी मला पटत नाही. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य, परीक्षा, नोकऱ्या यांविषयीची माहिती बातमी मानली जात नाही, आणि आकाशवाणीची बातमीपत्रे आहेत तशी पुन्हा प्रसारित करता येतात. परिणामी दिल्लीत काय घडले ते आम्ही सांगू शकत होतो. ग्रामसभेत काल कोणता ठराव झाला हे सांगताना मात्र शब्द तोलावे लागत. ज्या माध्यमाची सारी ताकद जवळपणात आहे, त्याला जवळचीच गोष्ट सांगायला अडवणे, याला काय म्हणावे?

कम्युनिटी रेडिओला परवानगी कशी मिळाली, हा इतिहासही विलक्षण आहे. त्याचे मूळ क्रिकेटमध्ये सापडते. १९९३ मधील हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना पैसेवाल्यांची. सार्वजनिक हितासाठी त्यांचे नियमन व्हावे, असा त्या निकालाचा आशय होता. तो लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे. निकालाचा अर्थ सामान्य माणसापर्यंत पोहोचायला मात्र अकरा वर्षे लागली. २००२ च्या अखेरीस धोरण आले ते केवळ शिक्षणसंस्थांसाठी. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना नोव्हेंबर २००६ मध्ये मुभा मिळाली.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आताच्या तेलंगणातील झहिराबादजवळच्या माचनूर गावी दलित शेतकरी स्त्रिया या परवानगीची वाट पाहत होत्या. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेच्या या स्त्रियांनी परवाना मिळण्यापूर्वी अनेक वर्षे कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि ते गावोगावच्या बैठकांमध्ये कॅसेटवर ऐकवले. विषय त्यांचेच होते: ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्ये, घरचे बियाणे, गावठी औषधे, गाणी. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांच्या संघम रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत आले होते. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाला त्याचे फळ स्वतःच्या कानांनी ऐकण्याची संधी क्वचितच मिळते.

त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ या कंपनसंख्येवर सुरू झाली. माण तालुका हा पावसाने कायम हुलकावणी दिलेला प्रदेश आहे. २०१२ च्या दुष्काळात ही वाहिनी चालवणाऱ्या माणदेशी फाउंडेशनला म्हसवडला जनावरांची छावणी चालवावी लागली होती. या संस्थेचा पूर्वेतिहास लक्षात घेतला की तिला रेडिओ का सुचला, ते कळते. संस्थापक चेतना सिन्हा आणि माणमधील स्त्रियांनी महिला बँकेसाठी पहिला अर्ज केला, तेव्हा प्रवर्तकांपैकी अनेक जणी निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. त्या अक्षरे शिकल्या, तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवण्याच्या तयारीने परत गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. जिथे हिशेब तोंडी, गाणे तोंडी आणि शेतीचे शहाणपणही तोंडी आहे, तिथे छापील पत्रकांपेक्षा आवाजाचे माध्यम अधिक योग्य ठरते. पुण्यातील विद्यापीठाची विद्यावाणी किंवा बारामतीची वसुंधरा वाहिनी ही केंद्रे शिक्षणसंस्थांच्या आधाराने चालतात. त्यांचे स्वरूप आणि अडचणी थोड्या निराळ्या आहेत.

अडचणींमध्ये पहिला क्रमांक अर्थातच पैशाचा. नफा कमवायचा नाही, हे तत्त्व ऐकायला चांगले वाटते, पण विजेचे बिल तत्त्व ओळखत नाही. वीज पडून ट्रान्समीटरचा एक भाग जळाला, तेव्हा आमचे केंद्र अठरा दिवस बंद होते. जाहिरातींना तासाला सात मिनिटांची मर्यादा होती. ती २०२४ मध्ये बारा मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. आमच्यासारख्या ठिकाणी प्रश्न मिनिटांचा नव्हताच, कारण बाजारपेठेत जाहिरात देऊ शकणारी दुकाने बोटांवर मोजण्याइतकी. एका कार्यालयाने जाहिरातींचे बिल अकरा महिने अडकवले, कारण जाहिरात प्रक्षेपित झाल्याच्या दाखल्यावर शिक्का चुकीच्या जागी उमटला होता.

मग देणगीदारांचे प्रकल्प येतात, आणि मला खरी भीती त्यांचीच वाटते. त्यांचे हेतू वाईट नसतात. परंतु हात धुण्यावर तीस भाग करण्याचे पैसे मिळाले की केंद्र तीस भाग हात धुण्यावर बोलते, आणि त्या महिन्यात गावात चर्चा असते कांद्याच्या भावाची. आम्हीही तसे केले, माझा त्यात सहभाग होता, आणि श्रोत्यांचे फोन निम्म्याहून कमी झालेले मी पाहिले. जे केंद्र केवळ अनुदानावर जगते ते हळूहळू अनुदान देणाऱ्याचा कर्णा बनते, म्हणजे फिरून दवंडीच.

दुसरी अडचण यंत्राची आहे. घरातले रेडिओसंच गेले आणि ऐकणे मोबाइलवर आले. एफएमसाठी इयरफोनची वायर अँटेना म्हणून लागते, आणि नव्या फोनांत ते भोक नाही किंवा एफएमच नाही. एफएमची सोय चालू ठेवा, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन उत्पादकांना कळवले खरे. पण गुराख्याच्या हातातील जुना बटणांचा फोन हाच अजून आमचा सर्वांत भरवशाचा श्रोता आहे.

गेल्या वर्षी निधी आटला, तेव्हा केंद्राच्या श्रोता मंडळांनी यात्रेत वर्गणीची पेटी ठेवण्याचे ठरवले. हरिनाम सप्ताहासाठी वर्गणी काढण्याची सवय गावाला होतीच; रेडिओसाठी ती प्रथमच निघाली. एकवीस रुपयांपासून पाचशे एक रुपयांपर्यंतच्या देणग्या जमल्या, आणि हिशेब उघड असावा म्हणून सर्व नावे रकमेसह तीन संध्याकाळी वाचून दाखवण्यात आली. ‘पानी’ म्हणणारी तीच मुलगी वाचत होती. चौथ्या दिवशी अकरा जणांचे फोन आले. नऊ जणांना आपले नाव घरच्यांनी ऐकले नाही म्हणून पुन्हा वाचून हवे होते, आणि दोघांची तक्रार अशी होती की रक्कम बरोबर आहे, पण वस्तीचे नाव चुकले.