डोकं जागेवर नको

पावसाळा लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांत आडव्या दोऱ्या येतात. कपडे वाळायचे तेव्हा वाळतील, पण येणाऱ्याजाणाऱ्याला वाकावं लागतं. दुपारी बघत बसलं तर सगळे सारखेच वाकतात: कमरेतून, नजर फरशीवर. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये असं वाकणाऱ्याला अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, बसतो.

बॉक्सिंगच्या जिममध्येही अशीच दोरी बांधतात, खांद्याच्या उंचीवर. गुडघे मुडपायचे, पाठ फार झुकवायची नाही, हनुवटी आत, नजर समोरच्याच्या छातीवर. दोरीखालून डोकं इंग्रजी ‘यू’ काढत पलीकडे निघतं. डावीकडे वर आलात की वजन डाव्या पायावर आलेलं असतं, म्हणजे डावा हुक, बाजूनं वळून येणारा ठोसा, मारायला तयार. हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझियरचा सगळा खेळ यावरच उभा. 1973 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमननं त्याला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. वाकत वाकत आत शिरणाऱ्या फ्रेझियरला तो हातांनी ढकलून अंतरावर ठेवायचा आणि मग खालून अपरकट.

माइक टायसनच्या नॉकआउटची रील ठाणे लोकलमध्ये कुणी ना कुणी बघत असतोच. चिडचिड होते ती रील कापणाऱ्यावर. ठोशाच्या आधीचे दोन सेकंद त्यानं नेमके उडवलेले असतात, आणि खरी करामत तिथेच असते. हेवीवेटमध्ये टायसन बुटका: उंची 5 फूट 10 इंच, हातांचा पल्ला 71 इंच. लांब हातांच्या गड्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चुकवल्याखेरीज त्याचा ठोसा पोचणारच नाही. त्याचे प्रशिक्षक कस डमाटो यांनी त्याला ‘पीक-अ-बू’ गार्ड दिला. ग्लोव्हज गालफडांना टेकलेले, कोपरं बरगड्यांवर, पाय नेहमीच्या स्टान्सपेक्षा जरा समोरासमोर. आणि डोकं एका जागी म्हणून ठेवायचं नाही.

समोरच्याचा डावा जॅब निघाला की उजवीकडे स्लिप, म्हणजे डोकं बाजूला सरकवायचं. जेमतेम तीन-चार इंच. ग्लोव्ह कानाजवळून गेला की पुरे. जास्त सरकलात तर तोल जातो आणि उलटा ठोसा उशिरा निघतो. नेमकं जमलं तर वजन उजव्या पायावर येतं, उजवा हुक बरगडीवर बसतो आणि त्याच हाताचा अपरकट हनुवटीवर. स्लिप एकाच ठेक्यात केल्या की मात्र समोरचा ताल ओळखतो आणि डोकं जिथे येणार तिथे आधीच ठोसा पाठवतो. म्हणून मध्येच थांबायचं, एकाच बाजूला दोनदा जायचं.

या सवयीला रोजचा घाम लागतो, आणि सरावात कुचराई झाली की पहिली हीच जाते. ताकद त्यानंतरही बरीच टिकते. 1986 मध्ये विसाव्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवणारा टायसन आणि 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसपुढे उभा राहिलेला टायसन शेजारी शेजारी लावून बघा. ठोसे तेच. आठव्या राउंडमध्ये त्यानं डग्लसला पाडलंसुद्धा. पण डोकं जाग्यावर खिळलेलं, आणि डग्लसचा जॅब दर वेळी तिथेच. दहाव्या राउंडमध्ये टायसनचाच खेळ संपला. त्याआधीच त्याचा डोळा सुजून बंद झाला होता, आणि त्याच्या कोपऱ्यातल्या मदतनिसांकडे सूज दाबायची थंड धातूची पट्टीही नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम भागवलं. या गड्याला सूज येईलच कशाला, असं धरून चालले असावेत.