मोदकावर 'बी' दाबू नये

दुपारच्या उन्हात चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स वाचायला जावं, तर वर 'बबनराव'च्या जागी 'ववनराव'. स्पेलिंग बरोबर असतं. 'ब'च्या पोटातली फट बुजलेली असते, एवढंच.

हा बहुतेक वेळा 'बी'च्या, म्हणजे अक्षर ठळक (बोल्ड) करणाऱ्या, बटणाचा प्रताप. आणि खाली फॉन्ट 'मोदक' असेल तर विचारूच नका.

मोदक मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा. देवनागरी अक्षर जास्तीत जास्त किती जाड होईल, हे हातानं रेखाटून बघता बघता तो घडला. जिथे थांबला तिथे अक्षरांच्या पोटात फक्त चिरा उरल्या. रोमन 'ओ' फुगवायला सोपा, एकच भोक सांभाळायचं. आपल्याकडे 'क्ष' आहे, 'ळ' आहे, 'भ'ची गाठ आहे, डोक्यावर शिरोरेषा आहे, तिच्याही वर रफार नि वेलांटी. आत गर्दी, बाहेरही गर्दी. शिवाय आडवी रेघ उभ्या दंडाइतकीच जाड काढली तर डोळ्याला जास्त जाड दिसते, म्हणून ठळक अक्षरात शिरोरेषा सहसा जरा बारीक ठेवतात. रेघा मिळतात त्या कोपऱ्यात थोडं कोरतात, नाहीतर तिथे काळा डाग धरतो.

आता 'बी' दाबलं की काय होतं? फॉन्टच्या घरात ठळक भाऊ असेल तर तोच येतो. 'मुक्ता' या फॉन्टच्या घरात जाडीच्या आकड्यांत २०० पासून ८०० पर्यंत सात जण आहेत. 'बलू २'कडे पाच. (बलूची भावकी तर देशभर: गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन.) मोदक मात्र एकुलता एक. मग संगणक आपल्याच मनानं अक्षराच्या कडांवर लेप चढवतो. लेप बाहेरून चढतो तसा आतूनही, आणि चिरा लिंपल्या जातात. 'हर्ष'चा 'हर्प' होतो.

पांढऱ्या किनारीचंही तेच. आउटलाइन कडेच्या मधोमध बसवली की निम्मी अक्षराच्या अंगात घुसते. ती बाहेरच्या बाजूला किंवा अक्षराच्या मागे टाकावी. जागा भरायची म्हणून अक्षरं लांब लांब सरकवू नयेत, शिरोरेषेचे तुकडे पडतात. त्यापेक्षा आकार वाढवावा. दोन ओळींत अंतर सढळ हातानं सोडावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो. आणि २४ पॉइंटच्या खाली मोदकाला नेऊच नये. पत्ता, वेळ, 'आपले नम्र' वगैरे मुक्ताकडे सोपवावं.

मिठाईचा खोका, बालनाट्याची जाहिरात, लहान मुलांच्या पुस्तकाचं नाव, असे दोन-तीन शब्द मोदकात झकास दिसतात.

'भावपूर्ण श्रद्धांजली' कुणी मोदकात लावू नये. लावतात.